सतारियाचा शेजार

सतार शिकणाऱ्या माणसाला शेजार नसतो, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. तबला शिकणारा मुलगा हाताला जरा वळण लागले की कथकच्या वर्गात, भजनी मंडळात, कुणाच्या तरी परीक्षेत ठेका धरायला जाऊ लागतो. हार्मोनियमवाल्याला गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत उसंत नसते. गाणे शिकणारी मुलगी गुरूंच्या मागे तानपुरा घेऊन बसते, मैफल आतून पाहते आणि क्वचित एखादी ओळ तिच्याकडे सोपवलीही जाते. सतारियाच्या वाट्याला यांतले फारसे काही येत नाही. तो आठवड्यातून एकदा गुरूंकडे जातो, तासभर शिकतो, घरी येऊन खोलीचे दार लावून घेतो आणि पुढचे सगळे दिवस स्वतःचे वादन स्वतःच्याच कानांनी तपासत बसतो. कान जेवढा तयार असेल तेवढीच चूक त्याला ऐकू येते, आणि एकट्याने केलेल्या रियाजाचा खरा धोका इथेच आहे.

पडद्यांच्या, म्हणजे दांडीवर स्वरांच्या जागी आडव्या पट्ट्या असलेल्या, बहुतेक तंतुवाद्यांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे. सूरबहार, रुद्रवीणा, गिटार, मेंडोलिन ही सगळी जात्याच हळव्या आवाजाची आणि एकांतात रमणारी वाद्ये. पाश्चात्त्य संगीतात व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला लहानपणापासून वाद्यवृंदात एक खुर्ची मिळते, शेजारच्याचा गज वर जातो की खाली हे पाहत तो मोठा होतो. गिटारवाल्यासाठी त्या वृंदात खुर्चीच नाही. स्पॅनिश संगीतकार होआकिन रोद्रिगो यांची आरान्हुएथची कन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, १९४० साली बार्सिलोनात पहिल्यांदा वाजली तेव्हा गिटार वृंदासमोर बसली खरी, पण ती पाहुणी म्हणून. रविशंकरांनी १९७१ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर सतारीची कन्चेर्तो वाजवली तेव्हाही सतारीचे स्थान तेच होते.

आपल्याकडे याला सन्माननीय अपवाद झाले आहेत. १९१८च्या साथीच्या रोगानंतर पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर बँड उभा केला, आणि बंदुकीच्या नळ्या कापून तयार केलेल्या नलतरंगाशेजारी त्यात सतारही होती. आकाशवाणीच्या दिल्लीतल्या वाद्यवृंदाची धुरा १९४९ ते १९५६ या काळात रविशंकरांनी सांभाळली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अब्दुल हलीम जाफर खाँ, रईस खाँ, जयराम आचार्य यांच्या सतारी स्टुडिओत व्हायोलिनच्या रांगांसोबत, मेंडोलिनच्या बरोबरीने वाजल्या. मात्र ध्वनिमुद्रणाची पद्धत बदलली, एकेका वाद्याचा तुकडा वेगवेगळा मुद्रित होऊ लागला, इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, आणि तिथला तो शेजारही उठून गेला.

म्हणूनच उन्हाळ्यात भरणाऱ्या निवासी शिबिराला सतारियाच्या आयुष्यात जे स्थान आहे, ते गायकाच्या किंवा तबलजीच्या आयुष्यात असू शकत नाही, असे मी जबाबदारीने म्हणते.

मी ज्या शिबिराला जाते ते पन्हाळ्यावर भरते. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटरचा चढ, मे महिन्यातही संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावे असे वाटायला लावणारी हवा आणि मिरजेहून कारागीर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचू शकेल इतके अंतर, या तीन गोष्टींमुळे ही जागा निवडली गेली. दोन-तीन शिक्षक, त्यांचे मिळून अठरा-वीस विद्यार्थी, एक जुना दगडी बंगला, ओसरीला लागून मोठा दिवाणखाना, आणि सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या पिठले-भातापर्यंत सगळे सांभाळणाऱ्या मावशी, असा त्याचा संसार आहे. बारा वर्षांची शाळकरी मुलगी असते, अभियांत्रिकी शिकणारी मुले असतात, इचलकरंजीचे एक निवृत्त बँक अधिकारी असतात, ज्यांनी सतार हातात घेतली तीच साठीनंतर. सगळे आपापली सतार जिवापाड जपत येतात. एसटीच्या मागच्या बाकावर भोपळा मांडीवर आणि दांडी खांद्यावर टेकवून घाट चढून आलेल्या माणसाला पाहिले की याने वर्षभर कशाची वाट पाहिली असेल, हे वेगळे विचारावे लागत नाही.

पहिला दिवस जवळजवळ पूर्ण सतारी लावण्यातच जातो, आणि तो वाया गेला असे मला कधीच वाटले नाही. एका सतारीला मुख्य तारा सहा किंवा सात, त्यांच्याखाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, अकरा ते तेरा. म्हणजे वीसच्या आसपास खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीचा स्वभाव निराळा. कुणी काळी एकमध्ये लावून आणलेली असते, कुणी त्याहून चढ्या पांढरी दोनमध्ये (ही हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून पडलेली षड्जाची नावे). कुणाची सतार खर्ज-पंचमाची असते, तर कुणाची विलायत खाँसाहेबांच्या वळणाची, खर्जाच्या जाड तारा काढून गांधाराची तार चढवलेली. एक स्वर ठरवायचा म्हणजे पांढरी दोनच्या सतारी उतरवायच्या. उतरवल्या की तारा सैल पडतात, तरफांची चमक कमी होते आणि मग कुणाला तार बदलावी लागते, कुणाला घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, जागेकडे पाहावे लागते. खुंटी सरकत असेल तर तिला खडू लावायचा. दुपारी वळीव येऊन गेला की लाकूड ओल धरते, तीच खुंटी फुगून बसते आणि हलता हलत नाही. हे सगळे घरीही होत असते, पण घरी आपण वैतागून त्या दिवसाचा रियाज उरकून टाकतो. इथे शेजारचा शांतपणे आपली सातवी तरफ नखीच्या टोकाने छेडत बसलेला असतो, त्यामुळे आपणही बसतो. संध्याकाळी दिवाणखान्यात सगळ्या सतारी एका षड्जावर आल्या, की एकाने जोडीची तार छेडताच बाकीच्या सतारींच्या तरफा आपोआप बोलू लागतात. पुस्तकात सहकंपन म्हणून वाचलेली गोष्ट तेव्हा अंगावर येते.

शिबिराची रीत साधी आहे. तालीम एकेकट्याची होते, पण सर्वांसमोर होते. शिकणारा गुरुजींसमोर बसतो आणि बाकीचे बाजूला, सतारी खाली ठेवून. त्या वेळात कुणी वाजवायचे नाही, मांडीवर बोटेही चालवायची नाहीत, मोबाइलवर मुद्रण करायचे नाही. मुद्रणाची मनाई अनेकांना जाचक वाटते, मला ती अत्यंत योग्य वाटते. कारण मुद्रण चालू आहे म्हटले की कान निवांत होतो आणि ऐकणे पुढच्या कधीतरीवर ढकलले जाते.

एका दुपारी भीमपलासी चालला होता. या रागातला कोमल गांधार मध्यमाच्या सावलीतून येतो. तो नुसता पडद्यावर बोट ठेवून वाजवला तर स्वर बरोबर असूनही राग दिसत नाही. सतारीवर त्यासाठी गांधाराच्या पडद्यावर तार आधी आडवी खेचून मध्यमापर्यंत न्यावी लागते, तीही न वाजवता, आणि मग नखीचा आघात करून ती हळूहळू मोकळी करत गांधारावर उतरावे लागते. यातला पहिला अर्धा भाग मुका आहे. तार किती खेचली हे आघात होईपर्यंत कुणालाच कळत नाही, वाजवणाऱ्यालाही नाही. ते फक्त बोटाच्या आठवणीत असते. पडदा इथे मीड, म्हणजे तार खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणे, सुरू करायला आधार देतो, पुढचा मध्यम मात्र आपल्या आपणच शोधायचा असतो. समोर बसलेला मुलगा पुण्याचा, हात चांगला तयार, द्रुत गतीत तर कुणालाही मागे टाकेल असा. त्याचा मध्यम प्रत्येक वेळी किंचित खाली लागत होता. गुरुजी काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला सतार मांडीवर आडवी ठेवायला सांगितली आणि म्हटले, ‘‘गाऊन दाखवा.’’ तो गायला. मध्यम स्वच्छ लागला. ‘‘आता मनात हाच धरा, आणि तो ऐकू आल्याशिवाय नखी लावू नका.’’ तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. तार खेचलेली, नखी हवेत, आणि दिवाणखान्यात अठरा माणसे एका न वाजलेल्या मध्यमाची वाट पाहत आहेत, असा तो क्षण होता. मग आघात झाला आणि मध्यम नेमका जिथे हवा तिथे निघाला.

त्यानंतर आणखी दोघांनी तेच केले, आणि दोघांचेही निराळ्या ठिकाणी अडले. एकाची तार बरोबर खेचली जायची पण उतरताना गांधारावर धप्पकन पडायची. दुसऱ्याची उतरण सुरेख, पण आघात इतका जोराचा की स्वराआधी तारेचा खणखणाट ऐकू यायचा. चौथी पाळी त्या बारा वर्षांच्या मुलीची होती. तिची बोटे लहान, तार तिच्या ताकदीला जड. तरी पहिल्याच खेपेला तिचा मध्यम आणि उतरलेला गांधार असे आले की गुरुजींनी मान वर केली. तिला कुणीही काहीही शिकवलेले नव्हते. तिने तिघांची तालीम ऐकली होती, तीन तऱ्हेची अडचण आणि तीन तऱ्हेची वाट पाहिली होती. घरी एकट्याने बसून याच जागेला तिला कदाचित पावसाळा संपेपर्यंत वेळ लागला असता.

मला या शिबिराविषयी जे सांगायचे आहे ते त्या दुपारी जवळजवळ सगळे घडून गेले. स्वतःच्या तालमीच्या वेळी माणूस इतका गुंतलेला असतो, घाबरलेला असतो, बोटांकडे पाहत असतो, की गुरूंचे निम्मे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्याच्या तालमीत तो मोकळा असतो. चूक दुसऱ्याची असल्यामुळे ती त्याला लाज न वाटता, नीट, मुळापर्यंत पाहता येते, आणि तिची दुरुस्ती होताना हात काय करतो आणि कान काय करतो हे वेगवेगळे दिसते. गायकांना हे सुख तानपुऱ्यामागे बसून वर्षानुवर्षे मिळते. सतारियाला ते उन्हाळ्यातल्या या आठवड्यातच मिळते.

रियाजाच्या वेळा पहाटे आणि रात्री असतात. दिवाणखाना सगळ्यांना पुरत नाही म्हणून प्रत्येक जण आपला कोपरा शोधतो: कुणी जिन्याच्या वळणावर, कुणी ओसरीच्या टोकाला, कुणी माजघराच्या उंबऱ्यापाशी. बँकेतले काका पहाटे पाचला उठून ‘दा रा दा रा’ एवढाच बोल एका षड्जावर धरून बसत, विलंबित, एका लयीत, न थकता. त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या तरुण मुलांनी पहिल्या दिवशी उशा कानांवर घेतल्या. शिबिराच्या मध्यावर तीच मुले त्यांच्या आधी उठून सतारी लावू लागली. कुणी त्यांना उपदेश केला नव्हता. खोबरेल तेलात भिजवलेला कापसाचा बोळा डबीत घालून प्रत्येकाजवळ असतो, तर्जनी आणि मधल्या बोटावरचे घट्टे दुखू लागले की त्यावर बोट फिरवायचे आणि पुन्हा पडद्यावर ठेवायचे. ती डबी रात्री कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरत असते. आपल्याच बोटाला जिथे चीर पडते तिथेच शेजाऱ्याच्या बोटालाही पडलेली पाहून जे बळ येते, त्याला दुसरे नाव मला सापडत नाही.

मिरजेचे कारागीर आले की दोन दिवस शिबिराचा केंद्रबिंदू ओसरीवर सरकतो. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे शस्त्रे घडवणाऱ्यांची आणि पाजवणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांपासून त्यांचा हात तारांच्या वाद्यांकडे वळला, असे तिथे सांगितले जाते. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, लाकूड तुणीचे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि तिथल्या तंबोऱ्यांना त्यांच्यासारखा कान लाभला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अलीकडची आनंदाची गोष्ट.

शिबिरात येणारे कारागीर चाचा मात्र या कशाबद्दलही बोलत नाहीत. ते सतरंजीवर बसतात, कानस, पॉलिश पेपर आणि एक जुना मऊ फडका मांडतात आणि पहिल्या सतारीच्या मालकाला सांगतात, ‘‘आधी वाजवून दाखवा की. हाताचा जोर बघू दे.’’ जवारी काढण्याचे, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार नीट करण्याचे, काम मी अगदी जवळून पाहिले ते इथेच. घोडीच्या ज्या किंचित उतरत्या पृष्ठभागावरून तार जाते तिथे वाजवून वाजवून तारेची बारीक खाच पडते. मग आवाज एक तर बसतो, नाही तर खरखरतो. चाचा तारा सैल करून बाजूला घेतात, कानस एकाच दिशेने, केस सरकावा इतक्या हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवतात, फडक्याने भुकटी पुसतात, बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार पुन्हा चढवतात, स्वरात आणतात आणि छेडून ऐकतात. मग प्रत्येक पडद्यावर. मोकळी तार गोड वाजली तरी तारसप्तकातल्या पडद्यावर ती मुकी पडू शकते; तसे झाले की पुन्हा तारा सैल, पुन्हा कानस. एका सतारीला अख्खी सकाळ लागते. ज्याचा आघात जोरकस त्याची जवारी ते जरा गोल, बंद ठेवतात; ज्याला रविशंकरांसारखा पसरणारा, किनरा आवाज हवा त्याची खुली. हा निर्णय ते हात पाहून घेतात. टपालाने किंवा दुकानात सतार टाकून आलेल्या माणसाची जवारी कारागिराला अंदाजानेच काढावी लागते, कारण त्याच्यासमोर वाद्य असते, वाजवणारा नसतो. एरवी एकमेकांपासून दूर असलेल्या या दोन माणसांना एका सतरंजीवर बसवणे हे शिबिराचे माझ्या मते दुसरे मोठे काम आहे, आणि आयोजकांनी त्याचे मोल जितके ओळखायला हवे तितके अजून ओळखलेले नाही.

हे सारे लिहिताना मला इटलीतल्या सिएनाची आठवण होत राहते. काउंट ग्विदो कीजी साराचिनी यांनी आपल्या वाड्यात १९३२ मध्ये संगीताची अकादमी सुरू केली आणि उन्हाळ्यात तिथे वर्ग भरू लागले. १९५० पासून विख्यात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोविआ तिथे गिटार शिकवायला येऊ लागले. त्या काळी गिटार शिकणाऱ्या मुलांची स्थिती आपल्या सतारियांहूनही कठीण होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये गिटारचा विभागच नव्हता. पुढे नामवंत झालेले गिटारवादक जॉन विल्यम्स तिथे शिकले ते पियानो आणि संगीतशास्त्र, आणि तो विभाग सुरू करण्याचे काम पुढे १९६०च्या सुमारास त्यांच्यावरच सोपवले गेले. गिटारसाठी ते किशोरवयापासून उन्हाळ्यात सिएनाला जात. व्हेनेझुएलातून आलेले अलिरिओ दिआस तिथे विद्यार्थी म्हणून आले, सेगोविआंचे साहाय्यक झाले आणि पुढे त्यांच्या जागी शिकवू लागले. एमिलिओ पुहोल यांनी त्याच अकादमीत विहुएलासारख्या जुन्या पडद्यांच्या वाद्याकडे मुलांना वळवले. १९५८ पासून सेगोविआंनी स्पेनमध्ये सान्तियागो दे कोम्पोस्तेलालाही असाच उन्हाळी अभ्यासक्रम सुरू केला.

सेगोविआंच्या शिकवण्याबद्दल मतभेद होते. ते आपल्याच बोटांच्या जागा, आपलेच स्वरवाक्य लादतात, असे त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी पुढे उघडपणे म्हटले, आणि त्यात तथ्य असावे. पण मला त्या वर्गांचे महत्त्व शिकवण्यापेक्षा जमण्यात दिसते. ज्या मुलाच्या गावात गिटार गंभीरपणे वाजवणारा दुसरा कुणी नाही, त्याला तिथे एकदम वेगवेगळ्या देशांतले समवयस्क भेटत. एक वाजवत असे, बाकीचे ऐकत असत, आणि वर्ग सुटल्यावर खोल्यांमध्ये एकमेकांच्या बोटांच्या जागा तपासल्या जात. जुलै-ऑगस्टमध्ये सिएनाच्या गल्ल्या पालिओ शर्यतीच्या ढोलांनी दणाणून गेलेल्या असतात. त्या गजरात गिटारसारखे नाजूक वाद्य घेऊन बसलेल्या मुलांची मला नेहमी कल्पना करावीशी वाटते. पुढच्या पिढीत युरोप-अमेरिकेतल्या महाविद्यालयांत गिटारचे जे विभाग उभे राहिले, त्यांतले कितीतरी शिक्षक या उन्हाळ्यांत एकमेकांच्या शेजारी बसलेले होते.

निवासी शिक्षण आपल्याला नवे नाही, हे कुणी सांगायला नको. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा तिथे राहून शिकणारे विद्यार्थी होते. रविशंकर १९३८ मध्ये भावाच्या नृत्यपथकाचे झगमगते जग सोडून मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे गेले आणि वर्षानुवर्षे तिथे राहिले. पनवेलजवळ पळस्प्याला झिया मोहिउद्दीन डागर यांनी गुरुकुल उभारले, तिथे राहून शिष्य रुद्रवीणा आणि ध्रुपद शिकले. या साधनेपुढे आठवड्याच्या शिबिराने स्वतःला गुरुकुल म्हणवून घेऊ नये, आणि जी शिबिरे तशी जाहिरात करतात ती मला मुळीच पटत नाहीत. आठ दिवसांत मीड येत नाही, ‘झाला’ हे शेवटचे द्रुत वादन येत नाही, विलंबित मसीतखानी गतीचा डौल तर नाहीच नाही.

पण शिबिरात एक गोष्ट अशी होते की जी जुन्या गुरुकुलात सहसा होत नव्हती. तिथला शेजारी गुरुबंधू असे, म्हणजे त्याचा हात आपल्याच वळणाचा. इथे मैहरच्या, म्हणजे रविशंकरांच्या, वळणाचा आणि विलायतखानी वळणाचा विद्यार्थी एका सतरंजीवर बसतो, एकाचा खर्जातला आलाप दुसरा ऐकतो, दुसऱ्याची गायकी अंगाची मीड पहिला पाहतो. काही जुन्या शिक्षकांना याची काळजी वाटते. मुले दोन हातांची सरमिसळ करतील आणि कुठलाच हात नीट राहणार नाही, असे ते म्हणतात. ही काळजी खरी आहे. पन्हाळ्यावर त्यावर जो तोडगा काढला आहे तो मला शहाणपणाचा वाटतो: दुसऱ्या वळणाच्या तालमीला बसायचे, ऐकायचे, प्रश्नही विचारायचे, पण हातात काही नवे घेऊन जायचे नाही, घरी आपल्या गुरूंना सांगायचे, आणि त्यांना योग्य वाटले तर त्यांनी ते द्यायचे.

समारोपाच्या कार्यक्रमाविषयी मात्र माझे मत जरा कडक आहे. वीस सतारींनी एकच द्रुत गत एका वेळी वाजवली की ऐकणाऱ्या पालकांना आनंद होतो, छायाचित्रे सुरेख येतात, पण तिच्या तयारीत शेवटचे दोन दिवस जातात आणि सर्वांत तयार हाताला सर्वांत कच्च्या हाताच्या लयीत थांबून राहावे लागते. सतार ही मुळात अशी एकसाथ वाजण्यासाठी घडलेली नाही; तिचा प्राण ज्या मीडेत आहे ती दोन माणसांची कधीच तंतोतंत सारखी नसते. त्याऐवजी शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकाने पाच मिनिटे आलाप करावा आणि बाकीच्यांनी तो ऐकावा, असे मी सुचवत आले आहे. गेल्या शिबिरात तसे झाले. बँकेतल्या काकांनी यमनचे मोजके आठ-दहा स्वरसमूह वाजवले, निषादावर बराच वेळ थांबले, आणि त्या निषादाला समोर बसलेल्या पुण्याच्या त्या द्रुत गतीवाल्या मुलाने मनापासून दाद दिली.

शिबिराहून परतल्यावर शेजार तुटतो, हे खरे दुखणे उरतेच. सांगली, मिरज, इचलकरंजी, जयसिंगपूर अशा जवळच्या गावांतल्या काही जणांनी त्यावर उपाय म्हणून महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायला सुरुवात केली आहे. तिथे शिकवायला कुणी नसते. एक वाजवतो आणि इतर ऐकतात, शिबिरातली शिस्त तेवढी पाळली जाते. माझ्यासारख्या साताऱ्याहून जाणाऱ्यांनाही ते अंतर आता जड वाटत नाही. यात गिटार आणि मेंडोलिन वाजवणाऱ्यांनाही बोलवावे, असा माझा आग्रह आहे, कारण त्यांचा एकटेपणा आपल्यासारखाच आहे आणि पडद्यावरच्या बोटाचे प्रश्नही बरेचसे समान आहेत.

माझी त्यापुढची इच्छा अशी की हे शिबिर एकदा मिरजेतच भरावे. जिथे भोपळा कापला जातो, दांडी कोरली जाते, पडदे दोऱ्याने बांधले जातात, त्या सतारमेकर गल्लीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर मुलांनी राहावे. सकाळी तालीम ऐकावी आणि दुपारी कारागिरांच्या ओट्यावर बसून आपल्या सतारीची जवारी निघताना पाहावी. मे महिन्यातले मिरजेचे ऊन सतारीला आणि माणसांना दोघांनाही मानवणार नाही, तेव्हा दिवाळीची सुटी अधिक बरी. शिक्षक यायला तयार आहेत, चाचांनी आपल्या भाऊबंदांशी बोलून होकार कळवला आहे. वीस माणसांची राहण्याची सोय आणि रात्री दहानंतरही सतार वाजवू देणारा एक मोठा दिवाणखाना, एवढेच आता शोधायचे आहे.